डिबेट कोण जिंकलं, हे ठरतं कुठे?

26 सप्टेंबर 1960. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची टीव्हीवर समोरासमोर चर्चा, म्हणजे डिबेट, होणार होती. शिकागोतल्या टीव्ही स्टुडिओपाशी त्यातले एक, रिचर्ड निक्सन, गाडीतून उतरले आणि उतरता उतरता त्यांचा गुडघा गाडीवर आपटला. नेमका तोच गुडघा. ऑगस्टमध्ये तो दुखावला होता, आत जंतुसंसर्ग झाला होता आणि प्रचाराच्या ऐन धामधुमीत निक्सन जवळपास दोन आठवडे रुग्णालयात पडून होते. वजन उतरलेलं, कॉलर गळ्याभोवती ढिली. अंगात फिकट राखाडी सूट आणि मागची भिंतही फिकट राखाडी. टीव्ही तेव्हा कृष्णधवल, त्यामुळे माणूस भिंतीत विरघळल्यासारखा दिसत होता. दाढीचे खुंट झाकायला चेहऱ्यावर पावडर थापलेली आणि दिव्यांखाली त्यावर घाम. शेजारी गडद सुटातले, उन्हात रापलेले प्रतिस्पर्धी जॉन केनेडी. सुमारे 7 कोटी अमेरिकन हे दृश्य घरबसल्या बघत होते.

पुढची गोष्ट बहुतेकांना पाठ असते. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी. मीही ती चारचौघांत ऐटीत सांगितलेली आहे. मग एकदा शंका आली, की हे मोजलं कुणी?

शोधत गेलं की जवळपास सगळे धागे सिंडलिंगर नावाच्या एका कंपनीच्या सर्वेक्षणाशी येऊन थांबतात. 1987 मध्ये डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेंडेल या दोन संशोधकांनी ते उकरून काढलं. दोन हजारांहून जास्त लोकांशी बोलणं झालं होतं खरं, पण त्यात रेडिओवाले होते फक्त 282. त्यातही कोण जिंकलं यावर मत देणारे 178. एवढ्या मुठीत देशाचा कौल मावत नाही. त्याहून मोठी गोची वेगळीच होती. 1960 पर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी जवळपास नऊ घरांत टीव्ही पोचला होता. मग रेडिओ लावून बसले होते ते कोण? बरेचसे खेड्यापाड्यांतले आणि प्रॉटेस्टंट असण्याची शक्यता जास्त, म्हणजे कॅथलिक केनेडींबद्दल आधीच साशंक. आवाज ऐकून त्यांचं मत निक्सनकडे वळलं, की ते मुळातच तिकडे होते? सर्वेक्षणावरून हे सांगता येत नाही. दवाखान्याबाहेर उभं राहून 'इथे येणारे सगळे आजारी कसे?' असं विचारण्यासारखं आहे ते.

हा पेच सोडवायचा मार्ग एकच, लोकांना चिठ्ठ्या टाकून वाटायचं. जेम्स ड्रकमन या संशोधकानं तेच केलं आणि निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध केले. 1960 च्या त्या चर्चेबद्दल काही माहीत नसलेले 171 जण घेतले. काहींना चित्रफीत दाखवली, काहींना फक्त आवाज ऐकवला. कुणी कुठल्या गटात जायचं हे नशिबावर सोडलेलं, त्यामुळे धर्म, गाव, पक्ष यांचा घोळ मिटला. निकाल असा, की बघणाऱ्यांमध्ये केनेडी जिंकले म्हणणारे ऐकणाऱ्यांपेक्षा खरंच जास्त निघाले. मत बनवताना बघणाऱ्यांनी माणूस कसा वाटतो याला जास्त वजन दिलं, ऐकणाऱ्यांनी मुद्द्यांना. म्हणजे दंतकथेचा पुरावा कच्चा होता, पण ती अगदीच हवेतली नव्हती. विज्ञानात असं होतं. चुकीच्या वाटेनं गेलेला माणूसही कधीकधी योग्य गावाला पोचतो, पण म्हणून त्याला वाट विचारू नये.

तरीही 'त्या घामानं निवडणूक घालवली' हे वाक्य मला पटत नाही. केनेडींची आघाडी सुमारे 6 कोटी 88 लाख मतांपैकी 1 लाख 13 हजारांच्या घरात होती. इतक्या काठावरच्या निकालात कुठल्याही गोष्टीला निर्णायक म्हणता येतं. निक्सन यांनी पन्नासही राज्यांत प्रचार करण्याचं वचन देऊन ठेवलं होतं. ते पाळण्यासाठी मतदानाच्या दोन दिवस आधी ते अलास्काला गेले. तिथे इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारी त्या राज्याच्या वाट्याची मतं, फक्त 3! केनेडी तेव्हा मोठ्या राज्यांवर जोर देत होते. (आपल्या राष्ट्रपतीला आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे हा सगळा तमाशा आपल्याकडे त्या पदासाठी होत नाही. तिकडे एकेका राज्याची मतं गोळा करावी लागतात.) पावडरीची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून ती उरली. अलास्काची उरली नाही.

मला जास्त रस आहे तो दिवे विझल्यानंतर काय होतं यात.

1960 नंतर थेट 1976 मध्ये अशा चर्चा पुन्हा सुरू झाल्या. फिलाडेल्फियातल्या पहिल्याच चर्चेत आवाज गेला आणि तो परत यायला 27 मिनिटं लागली. तेवढा वेळ राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर आपापल्या मेजांमागे मुकाट उभे! खरा प्रसंग घडला दुसऱ्या चर्चेत, 6 ऑक्टोबरला, सॅन फ्रान्सिस्कोत. पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं फोर्ड बोलून गेले. ते तर तेव्हा उघड होतं. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारानं चक्रावून त्यांना सावरायची संधी दिली. फोर्ड यांनी पोलंडचंही नाव घेऊन तेच पुन्हा सांगितलं.

आता गंमत बघा. त्याच रात्री चर्चा संपल्या संपल्या ज्यांना फोन गेले, त्यांच्यात फोर्ड सरस ठरवणारे जास्त होते. पोलंडचं वाक्य फारसं कुणाच्या मनात अडकलेलंच नव्हतं. मग बातम्या आल्या, सकाळची वर्तमानपत्रं आली, 'घोडचूक' हा शब्द घरोघर पोचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं तर कार्टर मोठ्या फरकानं विजयी. चर्चा तीच, फोर्ड यांची वाक्यंही तीच. मधल्या चोवीस तासांत कुणीतरी सांगितलं होतं, की तुम्ही काय पाहिलंत.

याचंच छोटं रूप चर्चेच्या सभागृहातही दिसतं. 1984 च्या चर्चेत 73 वर्षांचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना वयाबद्दल प्रश्न आला. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा घेणार नाही, असं ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. सभागृह हसलं, 56 वर्षांचे प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेलही हसले. पुढे स्टीव्हन फाइन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चर्चेच्या चित्रफितीला कात्री लावून वेगवेगळ्या गटांना दाखवलं. एका आवृत्तीत विनोद ठेवला, पण प्रेक्षकांचं हसणं काढून टाकलं. ती पाहणाऱ्यांच्या नजरेत रेगन चांगलेच घसरले. हशाविना तो विनोद विनोद राहत नाही, म्हातारबांची सारवासारव वाटते. आपण एकटे सोफ्यावर बसलेले असलो तरी कोण भारी पडलं हे ठरवताना शेजारच्यांकडे नजर टाकतो. शेजारी नसले तर टीव्हीतले प्रेक्षक चालतात आणि नंतर स्टुडिओत बसलेले विश्लेषक.

मग मतं खरंच फिरतात का? 2012 मध्ये डेन्व्हरच्या पहिल्या चर्चेत ओबामा निस्तेज दिसले, माध्यमांनी त्यांना पराभूत ठरवलं आणि मतचाचण्यांमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी झपाट्यानं वर आले. सगळे म्हणाले, वारं फिरलं. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे मात्र एक चमत्कारिक खजिना होता. एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर घेतलेल्या सुमारे साडेसात लाख मुलाखती, जवळपास साडेतीन लाख लोकांच्या. हा जमाव देशाचा नमुना अजिबात नव्हता, तरुण आणि पुरुषांचाच भरणा. पण बरीच माणसं पुन्हा पुन्हा उत्तरं देत होती आणि त्यांचा पक्ष आधीपासून नोंदलेला होता. आकडे त्याप्रमाणे दुरुस्त केले तेव्हा दिसलं, की मत बदललेले लोक थोडेच होते. फरक पडला होता तो उत्तर देणाऱ्यांमध्ये. आपला गडी हरला म्हणून खट्टू झालेले ओबामासमर्थक सर्वेक्षणापासून लांब राहिले, रॉम्नीवाले उत्साहानं पुढे आले. क्रिकेटचा सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोण गप्प बसतं आणि कोणाला गप्पा मारायच्या असतात, हे आठवलं तरी पुरे. बातमीनं मूड बदलला, मूडनं चाचणी बदलली आणि चाचणीची पुन्हा बातमी झाली.

निक्सन 1968 मध्ये पुन्हा उभे राहिले, 1972 मध्ये तिसऱ्यांदा. दोन्ही वेळा त्यांनी टीव्हीवरच्या डिबेटला नकार दिला. दोन्ही वेळा जिंकले.