गुन्ह्याची नोंद आणि अटकेची नोंद: कुठे काय पाहावे

‘त्याच्यावर पोलीस केस आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सैलपणे वापरले जाते की ते ऐकून नेमके काय घडले आहे याचा अंदाज बांधता येत नाही. कधी कोणीतरी तक्रार अर्ज दिलेला असतो, कधी गुन्हा दाखल झालेला असतो, तर कधी माणूस कोठडीत जाऊन जामिनावर परत आलेला असतो. पोलिसांच्या काही नोंदी आता घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे हा सैलपणा अधिकच अडचणीचा झाला आहे. शोधणारा माणूस एफआयआरच्या यादीत अटक शोधतो, अटकेच्या यादीत गुन्ह्याचा तपशील शोधतो आणि हवे ते दिसले नाही की ‘काहीच नाही’ असे समजून मोकळा होतो. प्रत्यक्षात या दोन नोंदी वेगवेगळ्या कारणांसाठी, वेगवेगळ्या कलमांखाली आणि बहुधा वेगवेगळ्या दिवशी तयार होतात.

एफआयआर म्हणजे प्रथम खबर अहवाल. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, जी पहिली माहिती पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला मिळते, ती लिहून घेण्याची तरतूद १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ‘खबर’ हा शब्द येथे अगदी नेमका आहे. फिर्यादीने जे सांगितले ते या कागदावर उतरते. ते खरे आहे की नाही, हे तपासाने ठरायचे असते. छापील नमुना डोळ्यांखालून घातला तर हे लगेच लक्षात येते. वर जिल्हा, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष असते, त्याखाली कायदा व कलमे, मग घटनेचा दिवस आणि वेळ, घटनास्थळ आणि फिर्यादीची माहिती. सातवा रकाना आरोपीचा आहे, आणि त्याच्या शीर्षकातच ज्ञात, संशयित किंवा अज्ञात असे तिन्ही पर्याय दिलेले असतात. मोटारसायकल चोरीच्या एफआयआरमध्ये या रकान्यात अनेकदा ‘अज्ञात चोरटा’ एवढेच लिहिलेले असते. हकिकत बाराव्या रकान्यात येते आणि तेराव्यात पोलिसांनी पुढे काय केले, म्हणजे गुन्हा नोंदवून तपास कोणाकडे दिला, ते लिहितात. कोणाला अटक झाली हे सांगणारा रकाना या नमुन्यात नाहीच. त्यासाठी अटकेचा वेगळा फॉर्म भरला जातो.

अटकेची नोंद ही पोलिसांनी एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत केलेल्या कृतीची नोंद आहे, आणि तिचा इतिहास एफआयआरपेक्षा वेगळा आहे. कोठडीतील छळ आणि मृत्यू यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अकरा निर्देश दिले. अटकेच्या वेळीच पंचनामा करावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील एखाद्या प्रतिष्ठित रहिवाशाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी आणि अटक झालेल्यानेही त्यावर सही करावी, हे त्यांतील एक. दुसरा निर्देश सर्वसामान्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता: अटक आणि कोठडीचे ठिकाण यांची माहिती बारा तासांच्या आत पोलीस नियंत्रण कक्षाला कळवावी आणि तेथील फलकावर सर्वांना दिसेल अशी लावावी. पुढे २००५ आणि २००८ च्या दुरुस्त्यांनी हे कायद्यात आले आणि आज ते नव्या संहितेच्या कलम ३६, ३७ आणि ४८ मध्ये वाचायला मिळते. कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमायचा असतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपित गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती ठेवण्याची जबाबदारी त्याची असते, आणि ती माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेसुद्धा, प्रदर्शित व्हावी असे कायदा म्हणतो. पोलीस ठाण्यात या फलकाबद्दल विचारणारा माणूस कोणाकडे मेहेरबानी मागत नसतो, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

एफआयआरमध्ये नाव असूनही अटक झालेली नाही, ही स्थिती अपवादात्मक मुळीच नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. अटकेची गरज नसेल तेव्हा पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात आणि ती तरतूद आता कलम ३५(३) मध्ये आहे. शिवाय आरोपीने अटकपूर्व जामीन घेतलेला असू शकतो, किंवा तो फरार असू शकतो. उलट बाजूने, एफआयआरशिवायही अटक होऊ शकते. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून कलम १७० खाली होणारी प्रतिबंधक अटक हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पूर्वी तिला जुन्या संहितेच्या कलम १५१ वरून ‘एकशे एक्कावन्नची कारवाई’ म्हणत आणि ठाण्यांत अजूनही तोच शब्द कानावर पडतो. थेट न्यायालयात दाखल झालेल्या खासगी फौजदारी तक्रारीत वॉरंट निघाले, तरी त्यामागे पोलीस ठाण्याचा एफआयआर असेलच असे नाही. त्यामुळे एका यादीत नाव सापडले म्हणजे ते दुसरीतही असले पाहिजे, असा हिशेब मांडता येत नाही.

वर्तमानपत्रांच्या भाषेने या गोंधळात स्वतःची भर घातली आहे. ‘चौकशीसाठी ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ हे शब्दप्रयोग बातम्यांत एकाच परिच्छेदात अदलाबदलीने येतात. ताब्यात घेतलेल्या माणसाचा अटक पंचनामा झालेला नसेल, तर त्याचे नाव अटकेच्या यादीत येणार नाही. अशा वेळी यादी चुकीची आहे असे वाचकाला वाटते. खरे तर कागदावर अटक दाखवलेलीच नसते.

आता प्रत्यक्ष शोधण्याकडे वळू. एफआयआर सर्वांसाठी खुले होण्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा युथ बार असोसिएशन प्रकरणातील आदेश आहे. एफआयआर नोंदल्यापासून चोवीस तासांत तो पोलिसांच्या किंवा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकावा, इंटरनेटची अडचण असेल तर अठ्ठेचाळीस आणि दुर्गम भाग असेल तर जास्तीत जास्त बहात्तर तासांची मुदत घ्यावी, असे त्यात ठरले आणि १५ नोव्हेंबर २०१६ पासून ते लागू झाले. महाराष्ट्रात यासाठी राज्य पोलिसांचे नागरिकांसाठीचे पोर्टल आहे. तेथे जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखांचा कालावधी देऊन प्रकाशित एफआयआर शोधता येतात. गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर काम चुटकीसरशी होते. नसेल तर घटनेच्या तारखेऐवजी नोंदणीची तारीख धरून शोधावे, कारण तक्रार देण्यातच कित्येकदा आठ-पंधरा दिवस गेलेले असतात आणि घटनेचा दिवस टाकून शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मात्र प्रत्येक एफआयआर तेथे असतोच असे नाही. लैंगिक अत्याचार, बालकांवरील लैंगिक गुन्हे, दहशतवाद आणि बंडखोरी यांसारख्या संवेदनशील प्रकरणांतले एफआयआर संकेतस्थळावर टाकू नयेत, अशी सूट त्याच आदेशात आहे आणि तो निर्णय पोलीस उपअधीक्षक किंवा समकक्ष दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला घेता येत नाही. अदखलपात्र तक्रारी, म्हणजे ज्यांना सगळे ‘एनसी’ म्हणतात, त्या तर मुळात एफआयआरच नव्हेत. आरोपीला स्वतःला प्रत हवी असेल तर त्याला संकेतस्थळावर अवलंबून राहण्याची गरज नाही. तो स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत अर्ज करून ठाण्याकडे किंवा अधीक्षकांकडे प्रत मागू शकतो आणि ती चोवीस तासांत द्यावी असा निर्देश आहे. फिर्यादीला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते.

अटकेची माहिती त्याच पोर्टलवर अटक आरोपींच्या स्वतंत्र सदरात शोधता येते. येथेही जिल्हा, ठाणे आणि कालावधी द्यावा लागतो. मिळणारी नोंद त्रोटक असते आणि फिर्यादीची हकिकत वाचायला मिळेल या अपेक्षेने आलेल्याची निराशा होते. तरीही गुन्ह्याचा क्रमांक हाती लागला, तर तोच घेऊन एफआयआरच्या सदरात जावे, कारण दोन नोंदींना जोडणारा खरा दुवा म्हणजे हा क्रमांक. नाव हा दुवा धरू नये.

घरातला माणूस रात्री उचलून नेला आहे आणि तो कुठे आहे हेच कळत नाही, अशा वेळी संकेतस्थळाच्या भरवशावर बसणे माझ्या मते चूक आहे. तेव्हा आधी हद्दीतले पोलीस ठाणे आणि त्यानंतर जिल्ह्याचा किंवा आयुक्तालयाचा नियंत्रण कक्ष, हा क्रम धरावा. ठाणे अंमलदाराला ‘आमचा माणूस इथे आहे का’ असे मोघम विचारण्यापेक्षा अटक दाखवली आहे का, कोणत्या गुन्हा क्रमांकात, किती वाजता आणि न्यायालयात कधी हजर करणार, असे चार प्रश्न विचारावेत. अटकेची आणि कोठडीच्या ठिकाणाची माहिती नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला देणे कलम ४८ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि कोणाला कळवले याची नोंद ठाण्यातील वहीत करावी लागते. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचे बंधन तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्या हद्दीच्या दंडाधिकारी न्यायालयात जाऊन रिमांडची चौकशी करणे हा अनेकदा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो. माहिती अधिकारातही जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याची तरतूद आहे. तीस दिवसांची मुदत इतर अर्जांसाठी आहे. तपास सुरू असल्याचे कारण सांगून माहिती नाकारली जाते, तेव्हा त्या माहितीमुळे तपासात नेमका कोणता अडथळा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, केवळ तपास चालू असणे पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटले आहे.

दोन्ही नोंदींत मुळीच न सापडणारे काही लोक आहेत. अठरा वर्षांखालील मुलांना बाल न्याय कायद्याच्या अर्थाने अटक होत नाही, त्यांना ताब्यात घेऊन बाल न्याय मंडळापुढे नेले जाते आणि त्यांची ओळख उघड करणे हाच कलम ७४ खाली गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यावरही अशीच बंदी आहे. अशी माहिती शोधून सापडत नाही म्हणून कोणी ती इतर मार्गांनी मिळवून समाजमाध्यमांवर टाकू लागला, तर त्याच्यावरच गुन्हा दाखल होण्याची वेळ येईल.

भाडेकरू किंवा कामावर ठेवायचा माणूस तपासण्यासाठी या याद्या चाळणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांची मोठी फसगत नामसाधर्म्याने होते. एकाच तालुक्यात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सारखे असलेली दोन माणसे सापडणे मुळीच अवघड नाही. वय आणि पत्ता जुळल्याशिवाय त्या नोंदीला काहीच किंमत देऊ नये. शिवाय शोध एका ठाण्यापुरता आणि एका कालावधीपुरता असतो, त्यामुळे कोरे पान म्हणजे निष्कलंकपणाचा दाखला होत नाही. त्यासाठी पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ही वेगळी सोय आहे, आणि त्याचा अर्ज ज्याचा त्याने करायचा असतो.

अटक आणि एफआयआर यांच्या पुढे काय झाले, हे यांपैकी कोणतीच नोंद सांगत नाही. महाराष्ट्रात तपासाअंती दोषारोपपत्र न जाता समरी अहवालही, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवालही, न्यायालयात जाऊ शकतो: गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही तर ‘अ’, फिर्याद खोटी ठरली तर ‘ब’, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’. एफआयआरची प्रत नोंदणीच्या दिवशीची असल्यामुळे त्यातले काहीच तिच्यावर उमटत नाही. दोषारोपपत्र संकेतस्थळावर टाकण्याची मागणीही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात फेटाळली. तो सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे न्यायालयाचे मत पडले. उरतो तो ई-कोर्ट सेवेचा, म्हणजे न्यायालयांतील खटल्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाचा मार्ग. तेथे खटल्याची स्थिती पाहताना एफआयआर क्रमांकाने शोधण्याची सोय आहे: जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचे, पोलीस ठाणे निवडायचे, क्रमांक व वर्ष टाकायचे आणि प्रलंबित की निकाली ते सांगायचे. ‘प्रलंबित’मध्ये काही दिसले नाही तर ‘निकाली’ही निवडून पाहावे, कारण निर्दोष सुटलेल्या माणसाची नोंद तेथेच असते. सापडलेल्या खटल्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, उतरवून ठेवला की पुढच्या तारखा आणि आदेश पाहण्यासाठी पुन्हा पोलीस ठाण्याच्या यादीकडे जावे लागत नाही.