सिव्हिल, कळवा आणि मधली वणवण

ठाण्यात घरात कुणी एकदम आजारी पडलं, की ‘कुठे न्यायचं?’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो: ते हॉस्पिटल कुणाचं? सिव्हिल राज्य सरकारचं, कळव्याचं महापालिकेचं. वागळे इस्टेटमधलं कामगार हॉस्पिटल पगारातून विम्याची वर्गणी जाणाऱ्यांसाठी. बाकीची ट्रस्टची नाहीतर खासगी. मालक बदलला की केसपेपरचे पैसे, लागणारे कागद, फुकट मिळणारं औषध असं सगळंच बदलतं. रुग्णाला हे कुणी समजावून सांगत नाही. एका दारातून दुसऱ्या दारात जाता जाता त्याला ते कळतं.

ही विभागणी कुणी बसून आखलेली नाही, ती थर साचत जावेत तशी साचली. सगळ्यात जुना थर मनोरुग्णालयाचा, 1901 सालचा. टेंभी नाक्याजवळचं विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हेही ब्रिटिश काळातलं. त्या वेळी ठाणे जिल्हा डहाणूपर्यंत पसरलेला होता आणि सिव्हिल त्या सगळ्यांचं शेवटचं आशास्थान होतं. 1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कारखान्यांमधून हजारो माणसं कामाला लागली. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्यानुसार त्यांच्या पगारातून विम्याची वर्गणी जाई, आणि तिच्या जोरावर कुटुंबाला उपचार मिळत. पुढे एकेक कंपनी बंद पडत गेली तशी नोकरीबरोबर ती सोयही गेली. कंत्राटावर किंवा रिक्षावर पोट भरणाऱ्याला ती पुन्हा मिळाली नाही.

ही माणसं मग महापालिकेकडे वळली. ठाणे महापालिका स्थापन झाली 1 ऑक्टोबर 1982 ला. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि 1992 पासूनचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ही तिची सर्वांत मोठी आरोग्यसेवा, खाटा 500. शहराची लोकसंख्या 1991 च्या जनगणनेत 8 लाखांच्या आसपास होती, 2011 मध्ये ती 18 लाख 41 हजारांवर गेली. शिवाय कळव्याला येणारे फक्त ठाणेकर नसतात. मुंब्रा-दिवा तर झालंच, भिवंडी, शहापूर, मुरबाडहूनही रुग्ण येतात. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा जिल्हा झाला, पण नकाशावरच्या रेषेमुळे आजारी माणसाची वाट लगेच बदलत नाही. कळव्यातही निभावलं नाही तर मुंबईचा रस्ता: ‘सायनला न्या, केईएमला न्या’ हे वाक्य ठाण्यातल्या कित्येक घरांनी ऐकलेलं आहे. अशा वेळी 26 जानेवारी 2014 पासून सुरू असलेली 108 ची रुग्णवाहिका खरोखर उपयोगी पडते. पण ती दारापर्यंत पोचवते, आत खाट आहे की नाही ते दारातच कळतं.

या सगळ्याचा भार 2023 मध्ये एका ठिकाणी येऊन आदळला. 900 खाटांचं नवं रुग्णालय बांधायचं म्हणून सिव्हिलची जुनी इमारत रिकामी केली आणि कारभार तात्पुरता मनोरुग्णालयाच्या आवारात हलवला. कळव्यावरची गर्दी वाढली. ऑगस्टच्या 12 ते 13 तारखेच्या 24 तासांत तिथे 18 रुग्णांचा मृत्यू झाला. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. कारणांची चर्चा भरपूर झाली: रुग्ण फार उशिरा आणले गेले, खाटा अपुऱ्या होत्या, सिव्हिल हललेलं होतं. मला मात्र त्यातला ‘उशिरा आणले’ हा शब्दप्रयोग अजून सलतो. आधी किती दारं हिंडून झाली होती, हे त्यात कुठेच येत नाही.

योगायोग असा, की दोनच दिवसांनी, 15 ऑगस्ट 2023 पासून, राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच. पण तो आरोग्य विभागापुरता होता, महापालिकेची रुग्णालयं त्यात नव्हती. म्हणजे एकाच शहरात, एकाच आजारासाठी सिव्हिलचा नियम वेगळा आणि खाडीपलीकडे कळव्याचा वेगळा. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी योजना आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, 2017 पासून महात्मा फुले जनआरोग्य म्हणून ओळखली जाते, आणि आता तिची मर्यादा 5 लाखांवर गेली आहे. ती मिळवून देणारा माणूस म्हणजे टेबलामागचा आरोग्यमित्र. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही, तर त्या टेबलापासून पुन्हा घरापर्यंतची फेरी ठरलेली. अपंगत्वाच्या दाखल्याचंही तेच. आजीला खुर्चीवरून उचलून रिक्षात बसवायचं, रांगेत धरायचं, आणि ‘डॉक्टर आज नाहीत, पुढच्या वेळी या’ ऐकून परत आणायचं, हे ज्याने केलंय त्याला ‘सेवा उपलब्ध आहे’ या वाक्यातला पोकळपणा कळतो.

मग रुग्णाने सांगायचं कुणाला? यालाही इतिहास आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 मध्ये महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवायचं काम, सुरू झाली. ठाणे त्यातला एक. आदिवासी पाड्यांवरच्या बायकांनी जनसुनवाईत उभं राहून, अधिकाऱ्यांसमोर सांगितलं की नर्स येत नाही, औषध बाहेरून आणायला लावतात. अभियान नावाप्रमाणेच ग्रामीण, त्यामुळे शहरातल्या, लोकमान्यनगरच्या किंवा मुंब्र्याच्या बाईला तसं व्यासपीठ मिळालं नाही.

न्यायालयाची वाटही तिला अरुंदच. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं बाहेर ठेवली. नोंदणीचे नाममात्र पैसे घेतल्याने त्यात फरक पडत नाही, हेही त्याच निकालात आहे. खासगी रुग्णालयांसाठी 2021 च्या जानेवारीत नियम बदलले: रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं. दाराशी उभं राहिलात तर आधी तो फलक शोधा. नसेल तर विचारा, नियम तुमच्या बाजूने आहे.