केमो आणि झाडपाला, ही जोडी जमली कशी

"केमोबरोबर हळदीच्या गोळ्या चालतील का?" पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं की आठवड्याभरात घरातलं कोणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याच्या डोक्यात चित्र असं असतं की झाडपाला एकीकडे, केमो दुसरीकडे आणि आपण दोघांचं लग्न लावून देतोय. पण पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, इरिनोटेकॅन ही सलाईनमधून जाणारी नावं मुळात झाडांमधूनच आलेली आहेत, म्हणजे ही जोडी जमून बरीच वर्षं झाली, फक्त बाटलीवर झाडाचं चित्र नसतं एवढंच.

यातली मुळातली दोन रसायनं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एकाच लॅबमधून बाहेर आली. चीनमधल्या एका झाडातून (त्याच्या चिनी नावाचा अर्थ 'आनंदाचं झाड') १९६६ साली कॅम्पटोथेसिन वेगळं केलं आणि १९७१ साली यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल (म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल त्याच्याच नात्यातलं). दोन केमिस्टांची जोडी होती, त्यातला एक आपल्या नंदुरबारचा, मुंबई विद्यापीठात शिकून तिकडे गेलेला. शाळेच्या पुस्तकात हे का नाही हा वेगळा विषय आहे.

टॅक्सॉलची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, कॅम्पटोथेसिनची नसते, आणि पोटाच्या कॅन्सरशी पहिला संबंध तिचाच आला. उंदरांवर रिझल्ट जबरदस्त होते, अडचण एकच, की हे पाण्यात विरघळत नाही, मग शिरेतून देणार कसं. तेव्हा शॉर्टकट काढला गेला. कॅम्पटोथेसिनच्या रेणूत एक रिंग असते, ती कॉस्टिक सोड्याने उघडली की सोडियमचं मीठ तयार होतं आणि ते पाण्यात छान विरघळतं, तेच माणसांना द्यायला सुरुवात झाली. १९७० साली पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये पोट-आतड्याच्या कॅन्सरच्या १८ पेशंटपैकी ५ जणांच्या गाठी लहान झाल्या, सगळे खूश. १९७२ साली दुसऱ्या एका टीमने ६१ पेशंटवर केलं तर फक्त २ जणांना फरक पडला, आणि त्रास मात्र भयंकर, पांढऱ्या पेशी कोसळणं, जुलाब, लघवीतून रक्त. मग अमेरिकेत फाईल बंद झाली.

हा निर्णय बरोबर होता का यावर अजून वाद घालता येतो. बंद करणाऱ्यांची बाजू सरळ आहे, समोर माणसाच्या लघवीतून रक्त जातंय, औषध पेशीत नक्की काय करतं ते कोणालाच माहीत नाही आणि ६१ मध्ये २ हा आकडा, कोणता डॉक्टर पुढे जाईल. पण नंतर कळलं ते असं की कॅन्सरवर काम करते ती बंद रिंग, आणि त्या सोडियमच्या मिठात नेमकी तीच उघडलेली होती. म्हणजे रक्तात औषध बहुतेक निकामी फिरत होतं आणि मूत्राशयात लघवी आम्लधर्मी असल्यामुळे रिंग परत बंद व्हायची, औषध तिथे जागं व्हायचं आणि तिथलंच अस्तर जाळायचं. गाठीपर्यंत निकामी आणि मूत्राशयात जालीम, याहून उलटी वाट सापडणं कठीण. माझं मत विचाराल तर शिक्षा चुकीच्या आरोपीला झाली, दोष मिठाचा होता आणि बाद झाला रेणू. चीनमध्ये मात्र वापर चालूच राहिला, पोटाच्या कॅन्सरवरसुद्धा.

त्याच १९७२ साली भारतातल्या केमिस्टांनी दाखवून दिलं की कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतल्या एका झाडातही भरपूर असतं. ते झाड म्हणजे आपला नरक्या, फुलांना घाण वास येतो म्हणून बदनाम. पुढे मागणी वाढली तशी याची लाकडं पोत्यांनी बाहेर जायला लागली, कोल्हापूर-सिंधुदुर्गकडून नरक्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात त्या यामुळेच.

मागणी वाढण्याचं कारण १९८५ साली सापडलं. पेशीत डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, कॅम्पटोथेसिन त्यालाच डीएनएवर अडकवून ठेवतं. एवढं कळल्यावर जुनी फाईल उघडली गेली. जपानमध्ये रिंग न उघडता रेणूला एक शेपूट जोडून पाण्यात विरघळणारं इरिनोटेकॅन तयार झालेलं होतं, ते शरीरात गेल्यावर शेपूट तुटतं आणि खरं औषध एसएन-३८ मोकळं होतं. १९९५ साली जपानने ते पोटाच्या कॅन्सरसाठी मंजूर केलं.

नंतरचं पटकन सांगतो. २००६ साली डोसिटॅक्सेल जुन्या दोन औषधांना जोडल्यावर पसरलेल्या पोटाच्या कॅन्सरमध्ये सरासरी आयुष्य ८.६ वरून ९.२ महिने झालं, साइड इफेक्ट बघता महागात पडलेला फायदा. इरिनोटेकॅन एस-१ या केमोच्या जपानी कॅप्सूलला जोडून बघितलं, १०.५ चे १२.८ महिने झाले पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर ते टिकलं नाही. खरी उडी २०१९ ची, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर डोसिटॅक्सेलसकट चार औषधं दिली तर ३५ महिन्यांचे ५० महिने. झाडाच्या औषधाचा पोटाच्या कॅन्सरमधला सगळ्यात मोठा विजय हाच, पण याला कोणी 'नॅचरल' म्हणत नाही.

'वनस्पतीजन्य' हा शब्द आता वेगळ्याच मंडळींसाठी राखीव झालाय, हळदीतलं करक्युमिन वगैरे. लॅबमध्ये पोटाच्या कॅन्सरच्या पेशींवर करक्युमिन आणि केमो एकत्र टाकल्याचे पेपर ढिगाने आहेत. पण इथेही तोच जुना पाण्याचा प्रॉब्लेम, दिवसाला ८ ग्रॅम खाऊनही रक्तात जेमतेम पोचतं. १९९८ साली बंगळुरात दाखवलं गेलं की मिऱ्यातलं पाइपरीन जोडीला दिलं की करक्युमिनचं प्रमाण २० पट वाढतं, तेव्हापासून गोळ्यांमध्ये मिरं आलं. मात्र पाइपरीन लिव्हरमधली जी एन्झाइम दाबतं त्यातलंच एक डोसिटॅक्सेलचा निचरा करतं, म्हणजे केमो अंगात साचू शकते, हे डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं. उलटंही होतं. २००२ च्या एका छोट्या अभ्यासात इरिनोटेकॅनसोबत सेंट जॉन्स वर्ट हे युरोपातलं औषधी झुडूप घेतल्यावर रक्तातलं एसएन-३८ तब्बल ४२ टक्क्यांनी घसरलं, पेशंटला वाटतंय आपण काहीतरी जास्तीचं घेतोय आणि केमोचा डोसच अर्धा व्हायला आलाय.

जपानी डॉक्टरांनी जरा वेगळा मार्ग धरला, झाडपाल्याने गाठ मारायची नाही, केमोचा त्रास कमी करायचा. इरिनोटेकॅनच्या जुलाबांवर त्यांनी सात वनस्पतींचा एक जुना काढा पावडर करून वापरला. पोटाच्या कॅन्सरच्या केमोने तोंड येतं त्यावरही हाच काढा ट्रायलमध्ये दिला, त्याचे रिझल्ट २०१४ साली आले. जास्त तोंड येणाऱ्यांची संख्या काही कमी झाली नाही, काढा घेणारे ४० टक्के आणि न घेणारे ४१, ज्यांना आधी सौम्य तोंड आलं होतं त्यांचं १७ दिवसांऐवजी ९ दिवसांत बरं झालेलं दिसलं, पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर हा फरकही टिकला नाही.