विधान-गृहीतकाचे प्रश्न : मेरिटपासून पात्रतेपर्यंत

न सांगितलेलं ओळखणं आपल्याकडे नवं नाही. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असणार. मीमांसकांनी याला अर्थापत्ती म्हटलं. आजच्या उमेदवाराची गाठ मात्र पडते ती बँकभरतीच्या साच्याशी : एक विधान, खाली दोन गृहीतकं, पाच पर्याय. विधानाने न सांगता कोणतं गृहीतक धरलं आहे, ते ओळखायचं.

'नागपुरात उन्हाळ्यात शाळा सकाळी भरवाव्यात.' गृहीतक १ : सकाळी उन्हाचा त्रास कमी असतो. गृहीतक २ : पालकांना सकाळची शाळा आवडते. पहिलं उलटं करून बघा. सकाळीही तेवढंच ऊन असेल, तर सूचनेला अर्थच उरत नाही. म्हणजे ते अंतर्निहित, विधानात दडलेलं. दुसरं उलटं केलं तरी सूचना उभीच राहते. पालक कुरकुरतील, एवढंच. दुसरं खरं असू शकतं, पण विधानाला त्याची गरज नाही, आणि मुलं नेमकी इथेच घसरतात.

या प्रकाराला खरं वजन आलं ते सीसॅटमुळे, म्हणजे आकलन आणि तर्क तपासणाऱ्या पेपरमुळे. केंद्राच्या नागरी सेवा (यूपीएससी) पूर्वपरीक्षेत २०११ला वैकल्पिक विषय गेला आणि हा पेपर आला. राज्यसेवेच्या (एमपीएससी) पूर्वपरीक्षेत २०१३ला, ८० प्रश्न, २०० गुण. उताऱ्यावरच्या प्रश्नांत 'लेखकाने काय गृहीत धरलं आहे' हे विचारलं जाऊ लागलं आणि ते गुण पूर्वपरीक्षेच्या मेरिटमध्ये धरले जात. इंजिनिअरिंगवाल्यांना झुकतं माप मिळतं, ही ओरड लगेच सुरू झाली. दिल्लीत २०१४ला हिंदी माध्यमाची मुलं रस्त्यावर उतरली, त्यात उताऱ्यांच्या बोजड भाषांतराचंही गाऱ्हाणं होतं. २०१५ला केंद्राने हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता केला : तेवढे गुण मिळाले की पुरे, मेरिटमध्ये ते धरायचे नाहीत. राज्यात तोच निर्णय २०२२मध्ये झाला.

आता हाच युक्तिवाद साच्यात घालून बघा. 'या पेपरने कला शाखेच्या, खेड्यातल्या मुलांवर अन्याय होतो, म्हणून तो पात्रतेपुरता ठेवा.' यात न बोललेलं गृहीतक असं, की ३३ टक्क्यांची रेघ या मुलांना अडवणार नाही. ते उलटं केलं की मागणी डळमळते. पेपर अवघड निघाला, तर सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात उत्तम गुण असलेला उमेदवारही रेघेखालीच राहतो. २०२३च्या केंद्राच्या पूर्वपरीक्षेनंतर तीच तक्रार झाली. मागणी करणाऱ्यांचं दुखणं खरं होतं, पण उपाय घाईचा ठरला, असंच म्हणावं लागतं. उताऱ्यांची भाषा सुधारण्याचा मुद्दा तर मागेच पडला.

अभ्यासावर परिणाम व्हायचा तो झालाच. भंडारा-गडचिरोलीहून नागपुरात येऊन अभ्यासिकेत बसणारा मुलगा इतिहास-राज्यघटनेला आठ महिने देतो आणि सीसॅटला शेवटचे काही आठवडे. बँकेच्या पूर्वपरीक्षेतही बैठकव्यवस्था आणि कोडी यांनीच जागा व्यापली आहे. विधान-गृहीतक दिसतं ते बहुधा मुख्य परीक्षेत, आणि तिथले गुण अंतिम यादीत धरले जातात.