फ्रेमबफरची मांडणी तपासणार कोण? : पार्श्वभूमी

पडद्यावरचे चित्र मेमरीच्या ज्या भागात असते त्याला फ्रेमबफर म्हणतात. ते तिथे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, ओळीमागून ओळ असे सलग साठवलेले असते, ही समजूत सोयीची आहे. पण डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे पडद्याचे हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांना तिच्यावर फारसे विसंबता आलेले नाही. १९८१ साली आयबीएम पीसीबरोबर आलेल्या सीजीए या ग्राफिक्स कार्डातच ती खोटी ठरत होती. ३२० बाय २०० च्या ग्राफिक्स मोडमध्ये सम क्रमांकाच्या ओळी आधी आणि विषम ओळी ८१९२ बाइट पुढे, अशी तिथली व्यवस्था होती. ओळीला ८० बाइट आणि अशा १०० ओळी म्हणजे ८००० बाइट, त्यामुळे मधले १९२ बाइट नुसतेच पडून राहत. ही मांडणी विचित्र होती खरी, पण ती कार्डातच पक्की ठरलेली असल्यामुळे तपासण्यासारखे काही उरत नसे. प्रोग्रामने चूक केली तर चित्र बिघडे, आणि यंत्रावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसल्यामुळे प्रकरण तिथेच संपे.

पुढे व्हेसा या मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या व्हीबीई २.० या मानकाने १९९४ मध्ये फ्रेमबफर सलग पत्त्यांवर उपलब्ध करून दिला आणि ६४ किलोबाइटच्या खिडकीतून मेमरीचे तुकडे (बँका) बदलत बसण्याची कटकट संपवली. लिनक्समधील एफबीडेव्ह या जुन्या व्यवस्थेतही मांडणी सांगण्याचा अधिकार ड्रायव्हरकडेच होता. एका ओळीच्या आरंभापासून पुढच्या ओळीच्या आरंभापर्यंतचे अंतर, म्हणजे पिच किंवा स्ट्राइड, आणि एकूण मेमरी किती, हे प्रोग्रामने विचारायचे आणि ड्रायव्हरने सांगायचे. मागितलेला मोड (रुंदी, उंची, रंग) न जमणारा असेल तर ड्रायव्हरने आकडे जवळच्या चालणाऱ्या मूल्यापर्यंत वाढवून परत द्यावेत, इतका हा व्यवहार सौम्य होता.

२००९ मध्ये लिनक्स २.६.२९ मध्ये कर्नल मोड सेटिंग, म्हणजे पडद्याचा मोड कर्नलनेच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) लावण्याची व्यवस्था, आली आणि हा व्यवहार उलटा झाला. आता बफर प्रोग्राम मिळवतो आणि त्याची रुंदी, उंची, पिच व बफरचे हँडल (ओळखीचा क्रमांक) कर्नलला कळवतो. एवढ्या माहितीवर डिस्प्ले इंजिन प्रोसेसरला न विचारता थेट मेमरी वाचू लागते. पिच नुसती चुकली तर चित्र तिरपे फाटते, ते निदान दिसते तरी. पण आकडे बफरच्या पलीकडे गेले आणि मध्ये आयओएमएमयू (उपकरणाला नेमून दिलेल्या मेमरीपुरतेच रोखणारे हार्डवेअर) नसेल, तर दुसऱ्या कोणाची मेमरी पडद्यावर झळकू शकते. म्हणून इथे आकडे सावरून घेण्याऐवजी मागणी सरळ नाकारण्याची पद्धत पडली, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

तपासणीचे गणित दिसायला शाळकरी आहे, पण त्यात दोन खाचा आहेत. पहिली ३२ बिटांची. १६,३८४ पिक्सेल रुंद, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे पिच ६५,५३६. उंचीही ६५,५३६ दिली की ३२ बिटांत न मावल्यामुळे गुणाकार शून्य येतो, आणि शून्य आकार कुठल्याही बफरमध्ये मावतो. यासाठी कर्नलमधील सामायिक तपासणी हा गुणाकार ६४ बिटांत करते. या जातीची चूक केवळ कागदावरची नाही: २०१८ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१८-८७८१ या सुरक्षा त्रुटीत यूडीएल या (यूएसबी पडद्यांसाठीच्या) ड्रायव्हरच्या एफबीडेव्ह भागात ऑफसेट (बफरच्या आरंभापासूनचे अंतर) आणि आकार यांची बेरीजच बिटांची मर्यादा ओलांडून जात होती, आणि ३.४ पासून ४.१५ पर्यंतच्या कर्नलमध्ये त्यातून स्थानिक वापरकर्त्याला कर्नलच्या मेमरीपर्यंत पोहोचता येत होते.

दुसरी खाच शेवटच्या ओळीची. ३८४० बाय १०८० च्या एकाच बफरमध्ये १९२० पिक्सेल रुंदीचे दोन पडदे शेजारी बसवले, तर पिक्सेलला ४ बाइट धरून पिच १५,३६० बाइट होते आणि उजवा पडदा ७६८० बाइट ऑफसेटवर सुरू होतो. उंची गुणिले पिच अधिक ऑफसेट, असा सरधोपट हिशेब केला की उजवा पडदा बफरच्या ७६८० बाइट बाहेर जातो असे दिसते आणि रास्त मागणी नाकारली जाते. शेवटच्या ओळीला पूर्ण पिच लागत नाही, तिच्यातले पिक्सेल तेवढे लागतात. म्हणून हिशेब १०७९ ओळींची पिच, अधिक एका ओळीचे ७६८० बाइट, अधिक ऑफसेट असा करायचा. उत्तर १,६५,८८,८०० येते, बफरच्या आकाराइतकेच. जीईएम (लिनक्समधील ग्राफिक्स मेमरीची व्यवस्था) बफरसाठीचे सामायिक साहाय्यक फंक्शन नेमकी हीच रीत वापरते.

२०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये आलेल्या ॲडएफबी२ या (कर्नलला बफर कळवण्याच्या) कॉलने चार प्लेनपर्यंत, म्हणजे चित्राच्या वेगळ्या साठवलेल्या थरांपर्यंत, सोय केली आणि प्रत्येक प्लेनला स्वतंत्र हँडल, पिच व ऑफसेट दिले. एनव्ही१२ सारख्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रंगाचे प्लेन निम्म्या उंचीचे असते, त्यामुळे उंची विषम असेल तर भागाकार वरच्या अंकाकडे न्यावा लागतो.

खरी अडचण टाइलने आणली. एकाखाली एक असलेले पिक्सेल मेमरीतही जवळ राहावेत म्हणून ग्राफिक्स चिप चित्राचे चौकोनी तुकडे करतात. इंटेलच्या एक्स-टाइलमध्ये ५१२ बाइट बाय ८ ओळी, तर वाय-टाइलमध्ये १२८ बाइट बाय ३२ ओळी. दोन्ही ४०९६ बाइटच्याच. ही माहिती पूर्वी बफरच्या बाजूला, ड्रायव्हरच्या खासगी कॉलने नोंदवली जाई. २०१५ च्या लिनक्स ४.१ पासून मॉडिफायर नावाचा ६४ बिटांचा आकडा मागणीबरोबरच येऊ लागला. मात्र त्याचा अर्थ त्या त्या चिपच्या ड्रायव्हरलाच पुरता कळतो, आणि सामायिक तपासणीचे ओळीवारी गणित इथे पुरत नाही.

१९२० बाय १०८० चे, पिक्सेलला ४ बाइटचे चित्र घ्या. ओळीवारी हिशेबाने ८२,९४,४०० बाइट पुरतात, आणि एक्स-टाइललाही तेवढेच पुरतात, कारण १०८० ला ८ ने बरोबर भाग जातो. वाय-टाइलला मात्र ३४ रांगा, म्हणजे १०८८ ओळी लागतात आणि बफर ६१,४४० बाइटने, म्हणजे १५ टाइलने तोकडा पडतो. सामायिक तपासणी हा बफर पास करते. ड्रायव्हरने टाइलच्या हिशेबाने तो पुन्हा मोजला नाही, तर पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ४८० बाय २४ पिक्सेलचा तुकडा बफरबाहेरच्या मेमरीतून वाचला जातो.