अठ्ठावीस सामन्यांवरून किती कळते?

२०२३ च्या २९ एप्रिलला पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या खात्यावर २८ सामन्यांत २० विजय जमा झाले होते आणि नॅशनल लीगमध्ये (मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) त्या घडीला कोणाचीही कामगिरी याहून सरस नव्हती. हाच संघ २०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये १०० सामने हरला होता; १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे त्याचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते आणि त्याचे शेवटचे अजिंक्यपद १९७९ चे. त्याच महिन्यात दुसऱ्या लीगमधील टॅम्पा बे रेज या संघाने हंगामाचे पहिले १३ सामने ओळीने जिंकून अटलांटा (१९८२) आणि मिलवॉकी (१९८७) यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. दोन्ही संघ लहान बाजारपेठेचे, दोघांचीही सुरुवात डोळे विस्फारायला लावणारी. हंगाम संपला तेव्हा रेज ९९ विजय आणि ६३ पराभवांवर होते, तर पायरेट्स ७६ विजय आणि ८६ पराभवांवर. एप्रिलअखेर या दोघांत फरक करता आला असता का, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या दृष्टीने मोठा रसाळ आहे.

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. खेळाडूंच्या वेतनावर कडक कमाल मर्यादा नसल्याने आणि उत्पन्नाचा बराच भाग स्थानिक दूरचित्रवाणीच्या करारांतून येत असल्याने न्यूयॉर्कसारख्या महानगराचा संघ आणि पिट्सबर्गसारख्या मध्यम शहराचा संघ यांच्या तिजोऱ्यांची तुलनाच होत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा वेतनखर्च ३० कोटी डॉलरांच्या वर होता. पायरेट्स आणि रेज या दोघांचाही खर्च त्याच्या चौथाईपेक्षा कमी होता. (मेट्सनी त्या वर्षी ७५ सामने जिंकले, म्हणजे पायरेट्सपेक्षा एक कमी; पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) भारतीय वाचकांपैकी काहींना पायरेट्स हे नाव आणखी एका कारणाने आठवेल. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून करारबद्ध करणारा संघ हाच.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली सगळी शिते सारख्याच आचेवर शिजलेली असतात. बेसबॉलचे सामने तसे नसतात. संघाचा सुरुवातीचा पिचर दर सामन्याला बदलतो आणि साधारण पाच जणांची पाळी आळीपाळीने येते, त्यामुळे सोमवारचा संघ आणि मंगळवारचा संघ यांच्या ताकदीतच फरक पडतो. सणसणीत टोलवलेला चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात जातो आणि बॅटच्या कडेला लागून लोंबकळलेला चेंडू दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो, असे तर रोजच घडते. परिणामी उत्तम संघही दहापैकी सहाच सामने जिंकतो आणि अगदी सुमार संघही दहापैकी चार जिंकून जातो. संघांच्या खऱ्या गुणवत्तेतील अंतर इतके कमी आणि एकेका सामन्यातील योगायोगाचा वाटा इतका मोठा, असे मोठ्या सांघिक खेळांत क्वचितच आढळते. बास्केटबॉलमध्ये चांगला संघ ओळखायला याच्या कितीतरी कमी सामने पुरतात.

आता पायरेट्सच्या २० विजयांकडे निव्वळ गणिताच्या नजरेने पाहू. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे असे धरले, म्हणजे संघ पूर्णपणे मध्यम दर्जाचा मानला, तर २८ सामन्यांत सरासरी १४ विजय अपेक्षित आहेत आणि प्रमाण विचलन, म्हणजे त्या सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, सुमारे २.६ विजयांचे आहे. अशा संघाला २० किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यता १.८ टक्के, म्हणजे साधारण ५६ मध्ये एक इतकीच निघते. हा आकडा ऐकून संघ खरोखरच बदलला असला पाहिजे असे कोणालाही वाटेल. परंतु आपण पायरेट्सकडे पाहत आहोत ते त्यांनी २० सामने जिंकले म्हणूनच. आधी संघ निवडून मग त्याचे सामने मोजायला बसलो नव्हतो. तीसच्या तीस संघ नाणेफेकीवर चालतात असे मानले, तर त्यांपैकी निदान एकाने तरी अशी सुरुवात करण्याची शक्यता जवळजवळ ४२ टक्के भरते. म्हणजे कोणत्याही संघात काहीही विशेष नसले, तरी दर दोन-अडीच वर्षांनी एखादा संघ एप्रिलमध्ये असा चमकणारच, आणि त्याच्या कायापालटाची कारणे शोधणारे लेखही तितक्याच नेमाने लिहिले जाणार.

मग अशा सुरुवातीला वजन द्यायचे तरी किती? याचे उत्तर देणारे एक गाजलेले उदाहरण योगायोगाने पिट्सबर्गच्याच एका खेळाडूभोवती फिरते. चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये आणि पुढे १९६१ मध्ये विलार्ड जेम्स यांच्यासह असे सिद्ध केले की तीन किंवा अधिक राशींचा एकाच वेळी अंदाज करायचा असेल, तर प्रत्येकीची मिळालेली सरासरी जशीच्या तशी स्वीकारण्यापेक्षा त्या सगळ्यांना एका सामाईक मध्याकडे थोडे ओढून घेतल्याने एकूण चूक कमी होते. हे पुष्कळ गणितज्ञांनाही पचायला जड गेले. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी ते पटवून देण्यासाठी १९७० च्या हंगामातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ पाळ्या (फलंदाजीच्या संधी) घेतल्या. त्यांत अव्वल होता पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटी, ४५ पैकी १८ फटके यशस्वी, म्हणजे सरासरी ०.४००. सगळ्या अठरांची सरासरी ०.२६५ होती. स्टाइन यांच्या सूत्राने प्रत्येक फलंदाजाला त्या मध्याकडे सुमारे चार पंचमांश अंतर ओढले आणि क्लेमेंटीचा अंदाज ०.२९४ वर आणून ठेवला. उरलेल्या हंगामातील प्रत्यक्ष आकडे आले तेव्हा अठरांच्या मिळून झालेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज या निष्ठुर वाटणाऱ्या पद्धतीत साध्या सरासरीच्या मानाने सुमारे साडेतीन पटींनी कमी भरली.

क्लेमेंटीच्या बाबतीत मात्र सूत्र बरेच चुकले; उरलेल्या हंगामात त्याची सरासरी ०.३४६ राहिली. यात गणिताचा दोष नाही. त्या सूत्राला फक्त ४५ पाळ्या ठाऊक होत्या. क्लेमेंटीने त्याआधी चार वेळा लीगमधील सर्वोत्तम फलंदाजीचा मान मिळवला होता, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा ज्या मध्याकडे ओढायचे तो मध्य कोणता, हे ठरवताना पूर्वेतिहास जमेस धरावाच लागतो.

हाच न्याय पायरेट्सना लावून पाहता येतो. बेसबॉलचा आकडेवारीनिशी अभ्यास करणारे एक सोपी युक्ती वापरतात: संघाच्या प्रत्यक्ष सामन्यांत ३५ विजय आणि ३५ पराभव असे ७० काल्पनिक सामने मिळवायचे आणि मग प्रमाण काढायचे. सत्तर हा आकडा हवेतून आलेला नाही. साधारण तितके सामने झाले की संघासंघांतील खऱ्या गुणवत्तेचा फरक आणि योगायोगाने पडणारा फरक समसमान होतात. त्याआधी योगायोगाचे पारडे जड असते. केवळ एप्रिल पाहिला, तर ९८ सामन्यांत ५५ विजय, म्हणजे ०.५६१ हे प्रमाण मिळते आणि त्यावरून हंगामाअखेर ९५ विजयांचे भाकीत निघते. आदल्या वर्षीचे ६२ विजय आणि १०० पराभव त्यात मिसळले, की प्रमाण ०.४५० वर उतरते आणि भाकीत ८० विजयांवर येते. एप्रिल पूर्णपणे वगळून फक्त आदले वर्ष आणि सत्तर काल्पनिक सामने घेतले, तर ०.४१८. पायरेट्सनी उरलेल्या १३४ सामन्यांपैकी प्रत्यक्षात जिंकले ५६, आणि त्याचे प्रमाण ०.४१८ हेच आहे. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंतची ही जुळणी अर्थातच योगायोगाची आहे. संघात खेळाडू येतात-जातात, त्यामुळे जुन्या वर्षाला पूर्ण वजन देणे तत्त्वतः बरोबरही नाही. तरीही भाकिताची दिशा कुठे सापडते, हे त्यावरून पुरेसे कळते.

लहान नमुन्याची गंमत पाहायची असेल, तर त्याच एप्रिलमधील ड्रू मॅगी याच्याकडे पाहावे. तेरा हंगाम आणि ११५५ सामने दुय्यम लीगमध्ये काढल्यावर ३३ वर्षांच्या मॅगीला २६ एप्रिल २०२३ रोजी पायरेट्सकडून पहिल्यांदा फलंदाजीची संधी मिळाली. प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले आणि तो बाद झाला. पुढे आणखी दोन सामने मिळून मेजर लीगमधील त्याची कारकीर्द सहा पाळ्या आणि दोन यशस्वी फटके इतकीच नोंदली गेली. सरासरी ०.३३३. तीन हजार फटके मारणाऱ्या क्लेमेंटीची कारकिर्दीची सरासरी ०.३१७ आहे.

रेजच्या सुरुवातीत मात्र एक वेगळी खूण होती. पहिल्या १३ सामन्यांत त्यांनी १०१ धावा काढल्या आणि अवघ्या ३० दिल्या. विजय-पराभवाची नोंद सामन्यातील बाकी सगळी माहिती फेकून देते. एका धावेने ओढूनताणून मिळवलेला विजय आणि दहा धावांनी मिळवलेला विजय तिच्या लेखी सारखेच असतात. बिल जेम्स या अभ्यासकाने म्हणूनच काढलेल्या धावांचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, असे सूत्र मांडले आणि ते संघाच्या खऱ्या कुवतीचा अंदाज नुसत्या निकालांपेक्षा बहुधा चांगला देते. पूर्ण हंगामात रेजच्या धावा ८६० विरुद्ध ६६५ होत्या. सूत्राप्रमाणे १०१ विजय यायला हवे होते, आले ९९. पायरेट्सच्या धावा ६९२ विरुद्ध ७९० होत्या. सूत्राप्रमाणे ७० विजय, प्रत्यक्षात ७६. उतरणीला लागल्यावरही नशिबाने त्यांची साथ पूर्णपणे सोडली नव्हती, असाच याचा अर्थ. रेजच्या बाजूनेही एक सावधगिरी नोंदवायला हवी. त्यांचे पहिले १३ सामने डेट्रॉइट, वॉशिंग्टन, ओकलंड आणि बॉस्टन यांच्याशी झाले आणि हे चारही संघ वर्षाअखेर विजयांपेक्षा जास्त पराभव घेऊन बाहेर पडले.

मे महिन्याच्या सुरुवातीला दोघांची गाठ पडली. आपापल्या लीगमधील सर्वोत्तम कामगिरी घेऊन आलेल्या या दोन संघांत तीन सामने झाले आणि तिन्ही रेजनी जिंकले. या तिन्हींच्या आगेमागचे सामने धरून पायरेट्स ओळीने सात सामने हरले, तेव्हा ‘आता हिशेब बरोबरीत येतोय’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला असेल. सरासरीकडे परतणे म्हणजे हिशेब चुकता होणे नव्हे. नशिबाने दिलेले विजय नशीब परत मागायला येत नाही. पुढचे सामने संघ फक्त आपल्या मूळच्या कुवतीने खेळू लागतो. एप्रिलमधील २० विजय खात्यात कायम राहिले, आणि आदल्या वर्षीच्या ६२ वरून पायरेट्स ७६ पर्यंत चढले, त्यात त्या महिन्याचा वाटा फार मोठा होता. ज्या संघाला वेतनावर पैसा ओतून उन्हाळ्यात नवे खेळाडू आणता येत नाहीत, त्याला अशी शिल्लक काही कमी मोलाची नसते.

रेजचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ९९ विजय मिळवलेला हा संघ बाद फेरीत ९० विजयांच्या टेक्सास रेंजर्ससमोर तीनपैकी दोन सामने जिंकण्याच्या मालिकेत उतरला आणि घरच्या मैदानावर पहिलेच दोन सामने हरून बाहेर पडला. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धरली, तरी अशी मालिका जिंकण्याची शक्यता साडेसत्तावन्न टक्क्यांपुढे जात नाही. १६२ सामने खेळून जमवलेल्या माहितीनंतर बेसबॉल आपला पुढचा निवाडा इतक्या लहान नमुन्यावर सोपवते, आणि त्या वर्षी अजिंक्यपद मिळाले ते त्याच रेंजर्सना.