पार्श्वभूमी : लक्षद्वीपची शुक्रवारची मालमत्ता आणि सोमवारची मालमत्ता

लक्षद्वीपची बातमी आली की दोन आकडे हमखास छापले जातात. २०११च्या जनगणनेनुसार तिथले सुमारे ९६ टक्के लोक मुसलमान, आणि सुमारे ९५ टक्के लोक अनुसूचित जमातीचे. आकडे दोन असले तरी माणसं तीच आहेत, याकडे मात्र लक्ष जात नाही. एकाच घराला शरीयतही लागू आणि जमातीची रूढीही. मग बाप गेल्यावर माड कुणाचे, हा प्रश्न बेटांवर कित्येक पिढ्यांपासून आहे. त्याचं बेटांनी काढलेलं उत्तर फार कमी ठिकाणी सापडेल असं आहे.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात. इस्लाम सातव्या शतकात एका अरब संताबरोबर आला ही बेटांवरची श्रद्धा. त्याची कबर आन्द्रोत बेटावर दाखवतात. इतिहासकार इतकं मागे जायला कचरतात. धर्म आला तेव्हा मलबारकडून आलेली भाचेवारशाची पद्धत, म्हणजे मरुमक्कत्तायम, बेटांवर होतीच, आणि ती गेली नाही. शेजारच्या मालदीवमध्ये चौदाव्या शतकात काझी झालेल्या एका मोरोक्कन प्रवाशाने लिहून ठेवलंय, की तलाक झालेल्या बायका जुन्या नवऱ्याच्याच घरी राहायच्या, ती चाल त्याने बंद पाडली. बायकांनी अंगभर कपडे घालावेत हा हुकूम मात्र त्याला काही केल्या पाळून घेता आला नाही. काझी आणि रूढी यांची ही झटापट या समुद्राला नवी नाही.

पुढे बेटं कण्णूरच्या मुस्लिम राजघराण्याकडे गेली. ते घराणंही मातृवंशीयच. घरात जो वयाने वडील, मग तो पुरुष असो की स्त्री, त्याच्याकडे गादी. राज्यकर्तेच तसे असल्यावर प्रजेच्या रूढीला हात कोण लावणार? त्यांना काथ्याच्या मक्तेदारीत रस होता, वारसाहक्कात नव्हे. १८४७च्या वादळात कल्पेनी आणि आन्द्रोत उद्ध्वस्त झाली, खंडणी थकली आणि इंग्रजांचा शिरकाव वाढत गेला. योगायोग असा, की त्याच १८४७ साली मुंबईच्या न्यायालयात खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे बापाच्या मिळकतीत वाटा मागितला होता आणि न्यायालयाने रूढीच्या बाजूने कौल देऊन त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं होतं. मुंबईत रूढीने मुलींचा वाटा हिरावला. बेटांवर रूढीनेच सगळं घर मुलींच्या नावे ठेवलं होतं. ‘रूढी विरुद्ध शरीयत’ असा सामना लावून स्त्रियांच्या बाजूने कोण, हे परस्पर ठरवणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

आता मुख्य गुंता. बेटांवर मालमत्ता दोन प्रकारची: वेळ्ळियाळ्च स्वत्तु, म्हणजे शुक्रवारची, आणि तिंगळाळ्च स्वत्तु, म्हणजे सोमवारची. शुक्रवार म्हटलं की कुणालाही जुम्म्याची नमाज आठवणार, आणि शुक्रवारची मालमत्ता म्हणजे शरीयतची, असं वाटणार. नेमकं उलट आहे. शुक्रवारची ती तरवाडाची, म्हणजे आईच्या बाजूच्या एकत्र घराण्याची, आईच्या वंशातून खाली येणारी. ती एकट्याला विकता येत नाही, सगळ्या सभासदांची संमती लागते, आणि कारभार कारणवराकडे, म्हणजे घरातल्या वडील पुरुषाकडे. सोमवारची ती माणसाची स्वतःची. ती त्याने विकावी, बक्षीस द्यावी. मेल्यावर तिची वाटणी शरीयतप्रमाणे, बायको-मुलांसकट. नावांवर विसंबून लिहिणारे इथे हटकून घसरतात. एका लेखात तर दोन्ही चक्क उलटसुलट छापलेली मी पाहिली आहेत.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात भांडण सुरू होतं ते सोमवारच्या मालमत्तेचा उगम विचारल्यावर. समजा एकाने तरवाडाच्या माडांचं खोबरं मंगळूरला नेऊन विकलं आणि त्या पैशातून ओडमात, म्हणजे शिडाच्या जहाजात, भागी घेतली. तो वारला. बायको-मुलं म्हणणार, कमाई त्याची, तेव्हा ती सोमवारची. बहिणीची मुलं म्हणणार, खोबरं आमच्या माडांचं, तेव्हा भागीही शुक्रवारची. शरीयतच्या वाटणीत बहिणीची मुलं फार लांबची, जवळचे वारस असताना त्यांच्या वाट्याला सहसा काही येत नाही. तरवाडात मात्र तीच खरी वारस. म्हणजे वाद धर्म काय सांगतो हा नसून, हा माल कोणत्या दिवसाचा, हा आहे. काझीलाही आधी तेच ठरवावं लागणार.

याला ‘अर्धवट इस्लामीकरण’ म्हणायची एक पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. बेटांवरचे लोक शाफई पंथाचे, आपल्या रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांसारखेच. नमाज, रोजे, निकाह, मेहर यांत कुठे ढिलाई नाही. माणसाच्या मालकीचं जे असेल त्याचेच वारस शरीयत ठरवते. तरवाडाची मिळकत मुळात कुणा एकाच्या मालकीची नसेल, तर त्याच्या मरणाने तिचा वारसा खुला होतच नाही. हा युक्तिवाद पळवाट वाटेल, पण वंशजांसाठी केलेल्या वक्फची रचनाही याहून फार वेगळी नसते.

लग्नातही असाच मेळ घातलेला. निकाह काझीने लावायचा. पण नवरा रात्रीचं जेवून बायकोच्या घरी जायचा आणि सकाळी आईच्या घरी परतायचा. मुलं आईच्या तरवाडाची. या घडीचा बारकाईने अभ्यास कल्पेनी बेटापुरता झाला आणि १९६९मध्ये प्रसिद्ध झाला. करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ बाई मराठी घरातल्या, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मिनिकॉयची तऱ्हा भाषेसकट वेगळी, ती इथे सोडून देतो.

मुख्य भूमीवर विसाव्या शतकात कायदे भराभर झाले. १९१८ साली मद्रास प्रांतात मरुमक्कत्तायम पाळणाऱ्या माप्पिळांची, म्हणजे मलबारच्या मुसलमानांची, स्वकष्टार्जित मिळकत शरीयतखाली आली. १९३७च्या शरीयत कायद्याने ‘कोणतीही विरोधी रूढी असली तरी’ असं म्हणून वारसा, विवाह, तलाक यांत शरीयत लागू केली. शेतजमीन तेवढी बाहेर ठेवली. १९३९च्या कायद्याने माप्पिळांना तरवाडाची वाटणी मागता येऊ लागली. बेटं मात्र १९३५च्या घटना-कायद्याखाली ‘वगळलेलं क्षेत्र’ होती. राज्यपालाने मुद्दाम सांगितल्याशिवाय विधिमंडळाचा कायदा तिथे पोचायचाच नाही. शुक्रवारची मालमत्ता टिकली ती बरीचशी या सरकारी दुर्लक्षामुळे. पुढे केरळने १९७५ साली हिंदूंची एकत्र कुटुंबपद्धती कायद्याने संपवली. त्यात नायरांचं तरवाड गेलं. समुद्रापलीकडे मुसलमानांचं उरलं.

१ नोव्हेंबर १९५६ला केंद्रशासित प्रदेश झाला आणि त्याच साली बेटवासीयांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याने गुंता सुटला नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे; १९३७च्या शरीयत कायद्यात तशी सूट नाही. उत्तराखंडच्या २०२४च्या समान नागरी कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या, तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर आला: अशी सूट देशभर दिली तर लक्षद्वीपचा माणूस सुटणार तो जमात म्हणून, मुसलमान म्हणून नव्हे. २०२१मध्ये जमीन ताब्यात घेण्याची मुभा देणाऱ्या विकास प्राधिकरणाच्या मसुद्यावरून बेटं पेटली, तेव्हाही भीती जमिनीचीच होती. सामाईक जमीन एका सहीने देता येत नाही, आणि घेणाऱ्याला ते नेहमीच अडचणीचं वाटतं.

दरम्यान शुक्रवार आकसतो आहे. पगार, बँकेतली ठेव, नवरा-बायकोने वेगळं बांधलेलं घर, हे सगळं सोमवारचं. तरवाडाच्या शाखा वाटण्या करून घेतात.

जमातीच्या दर्जाची अट मात्र तरवाडाच्या हिशेबात कधीच बसली नाही. मूळ आदेशाप्रमाणे माणूस स्वतः आणि त्याचे आईबाप दोघेही बेटावर जन्मलेले हवेत. बायका बाळंतपणासाठी मुख्य भूमीवरच्या इस्पितळात जाऊ लागल्या, तशी मुलं दर्जातून गळू लागली. शेवटी त्यासाठी आदेशात दुरुस्ती करावी लागली. तरवाडात नाव लागायला बाप कुठला, मूल कुठे जन्मलं, हे कुणी विचारत नव्हतं. आई घरची असली की झालं.